परकीय ताब्यातली बंदरं आणि कायदे : उत्तर लिहिताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुख्य परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी तपासतो. बंदरांतल्या परकीय गुंतवणुकीवर प्रश्न आला की अभ्यासू मुलंही ठरावीक ठिकाणी गुण घालवतात. वाचन भरपूर असतं, पण ताबा नक्की कशावर, हेच उत्तरात स्पष्ट होत नाही.

‘परदेशी कंपनीने बंदर विकत घेतलं’ हे वाक्य सर्रास दिसतं. चाकण-तळेगावचा माल ज्या न्हावा शेवातून बाहेर जातो, तेच बंदर बघा. जमीन बंदर प्राधिकरणाची. त्यावरची टर्मिनलं मुदतीच्या करारावर चालवायला दिलेली: एक सिंगापूरच्या पीएसएकडे, एकात दुबईची डीपी वर्ल्ड, आणखी एकात परदेशी एपीएम टर्मिनल्सचा ७४ टक्के आणि कॉनकॉर या आपल्या सरकारी कंटेनर कंपनीचा २६ टक्के हिस्सा. कस्टम्स मात्र भारत सरकारचंच. जमीन, धक्का चालवण्याचा हक्क आणि कंपनीतला हिस्सा या तीन गोष्टी वेगळ्या लिहा, कारण कायदाही त्या वेगळ्या धरतो. हॅम्बुर्गच्या टोलेरोर्ट टर्मिनलमध्ये चीनच्या कॉस्को या जहाज कंपनीला ३५ टक्के हिस्सा हवा होता. जर्मन सरकारने २०२३ मध्ये २४.९९ टक्क्यांवर मंजुरी दिली. निर्णय अडवण्याइतकी ताकद हाती जाऊ नये, म्हणून तो आकडा. उत्तरात नुसती टक्केवारी टाकू नका, त्यामागचं कारणही एका ओळीत द्या.

श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराबद्दल जवळपास सगळेच लिहितात, ‘कर्ज थकलं आणि चीनने बंदर जप्त केलं.’ तसं झालं नाही. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चायना मर्चंट्स या चिनी कंपनीला दिलं आणि सुमारे ११२ कोटी डॉलर घेतले. ते पैसे परकीय गंगाजळीत गेले. बंदरासाठी काढलेलं चिनी कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. मला हे जप्तीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं: पैशाची चणचण असलेलं सरकार स्वतःच्या सहीने एवढा दीर्घ करार करतं, आणि तो आधी तपासणारी भक्कम यंत्रणा नसेल तर पुढे करण्यासारखं फारसं उरत नाही.

ऑस्ट्रेलियात याच मुद्द्यावर कायदा बदलला. २०१५ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी सरकारने डार्विन बंदर चीनच्या लँडब्रिजला ९९ वर्षांसाठी दिलं. प्रादेशिक सरकारची मालमत्ता खासगी परदेशी कंपनीला देताना केंद्राची गुंतवणूक छाननी तेव्हा लागूच होत नव्हती. पुढच्याच वर्षी ही पळवाट बुजवली आणि २०१८ मध्ये महत्त्वाच्या पायाभूत सुविधांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा आला. केंद्र-राज्य संबंधांचा हा धागा बहुतेक उत्तरांत निसटतो. आपल्याकडे राज्यघटनेत प्रमुख बंदरं संघसूचीत (नोंद २७) आणि बाकीची समवर्ती सूचीत (नोंद ३१) आहेत. मुंद्रा, दिघी यांचा कारभार राज्यांच्या मेरीटाइम बोर्डांकडे, पण परकीय गुंतवणुकीचं धोरण केंद्राचं.

‘अमेरिकेने २००६ मध्ये डीपी वर्ल्डवर बंदी घातली’ हेही चूक. तिथली टर्मिनलं डीपी वर्ल्डकडे जाण्याचा व्यवहार अमेरिकी सरकारच्या छाननी समितीने मंजूर केला होता. तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, वादळ उठल्यावर कंपनीने तिथली टर्मिनलं विकायची ठरवली. छाननी कडक करणारा कायदा २००७ चा.

भारताचा परिच्छेद शिळा ठेवू नका. १९६३ च्या प्रमुख बंदर विश्वस्त कायद्याच्या जागी २०२१ चा, १९०८ च्या बंदर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आहे. बंदरं बांधण्या-चालवण्यात १०० टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे आधी सरकारी मंजुरी न घेता, येऊ शकते. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ या केंद्राच्या धोरणपत्रकाने भारताच्या सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारी मंजुरीची अट घातली. ती सर्व क्षेत्रांसाठी होती. तिला ‘बंदरांचा कायदा’ म्हटलंत, तर तपासणारा तिथेच लाल रेघ मारेल.