आपली मराठी स्पेलचेक डिक्शनरी लिब्रेऑफिससाठी पॅक करून कशी द्यायची

समजा तुम्ही शब्द गोळा करून मराठी स्पेलचेकची डिक्शनरी बनवलीये आणि आता ती लोकांना द्यायचीये. डॉट एएफएफ (नियमांची) आणि डॉट डिक (शब्दांची) अशा सुट्या फाइली पाठवू नका, त्या कुठे टाकायच्या हे कुणालाच कळत नाही. त्याचं एक्स्टेन्शन (लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये वरून बसवायची जोड) करा, म्हणजे डॉट ओएक्सटी फाइल. आतून ती साधी झिपच असते.

झिप करताना फोल्डरवर राइट क्लिक करू नका! मी पहिल्यांदा तेच केलं, सगळं एक पायरी आत गेलं, लिब्रेऑफिसला मॅनिफेस्ट (आत काय काय आहे ते सांगणारी फाइल) सापडेना आणि माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली सिलेक्ट करायच्या, मग झिप, मग शेवटचं डॉट झिप काढून डॉट ओएक्सटी करायचं.

आता नाव, आणि इथे खरंच जपा. एक्स्टेन्शनची माहिती असलेल्या डिस्क्रिप्शन डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये आयडेंटिफायर (एक्स्टेन्शनचं ओळखनाव) लिहायचा असतो, आपल्या साइटचं नाव उलटं करून (example.com चं com.example) पुढे डिक्शनरीचं नाव. तो एकदा ठरला की कधीच बदलायचा नाही, कारण नवी फाइल म्हणजे जुन्याचंच अपडेट आहे हे लिब्रेऑफिस त्यावरूनच ओळखतं. तो लिहिलाच नाही तर फाइलचं नाव धरलं जातं, मग कुणी दुसऱ्यांदा डाउनलोड केली आणि ब्राउझरने नावापुढे कंसात 1 लावला की ते वेगळंच एक्स्टेन्शन समजून दोन्ही शेजारी शेजारी बसतात. व्हर्जन मात्र दर वेळी वाढवा. 1.9 नंतर 1.10 चालतं, टिंबांमधले आकडे वेगवेगळे मोजले जातात. लोकांना दिसणारं नाव बिनधास्त मराठीत ठेवा, फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता.

वाटायला लिब्रेऑफिसची स्वतःची एक्स्टेन्शनची साइट सगळ्यात बरी. आपल्या साइटवर ठेवलीत तर कधीकधी ब्राउझर ती डॉट झिप म्हणून सेव्ह करतो आणि लोक उघडून बसतात, तेव्हा "अनझिप करू नका, नाव परत डॉट ओएक्सटी करा" हे लिंकखालीच लिहा.

इन्स्टॉल करायला टूल्स, एक्स्टेन्शन्स, अ‍ॅड, आणि मग लिब्रेऑफिस बंद करून परत चालू. माझ्या मावशीकडे एवढं करूनही लाल रेघ येईना, बघितलं तर मजकुराची भाषा हिंदी होती. ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर (देवनागरीसारख्या लिप्या यात येतात) मराठी निवडली, आणि "आशिर्वाद"खाली लगेच रेघ उमटली.