एबीसी खात्यात श्रेयांक दिसत नव्हते: माझा अनुभव

दोन सत्रे उत्तीर्ण होऊनही माझ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातून मिळवलेले श्रेयांक अर्थात क्रेडिट जमा ठेवणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था) खात्यात एकही श्रेयांक दिसत नव्हता. डिजिलॉकरमधून पुन्हा प्रवेश केला, दुसऱ्या मोबाइलवरून पाहिले, महिनाभर वाट पाहिली आणि अखेर वैतागलो.

श्रेयांक विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, ते शिक्षणसंस्थाच चढवते, हे मार्गदर्शक प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा कुठे शोधाची दिशा बदलली. प्रथम आधारवरील नाव व जन्मतारीख महाविद्यालयाच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, तेव्हा नोंदीत वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असल्याचे आढळले. माझी दहावीची गुणपत्रिका आधारशी जुळत असल्याने (जुळत नसती, तर आधी आधारच दुरुस्त करावे लागले असते) या दोहोंच्या प्रती आणि १२ अंकी एबीसी क्रमांक जोडून परीक्षा विभागात लेखी अर्ज दिला व आवक क्रमांकासह पोच घेतली. नाव दुरुस्त झाल्यावरही खाते रिकामेच होते, कारण जुन्या सत्रांच्या नोंदी आपोआप बदलल्या नव्हत्या. म्हणून त्या नव्याने चढवण्यासाठी सत्रनिहाय बैठक क्रमांक देऊन दुसरा अर्ज केला. त्यानंतर चौथ्या दिवशी दोन्ही सत्रांचे श्रेयांक खात्यात दिसले.