सेकंड लाइफमध्ये मराठी पुरुषाचा पेहराव कसा बनवावा आणि कसा विकावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने 23 जून 2003 रोजी सेकंड लाइफ हे आभासी जग लोकांसाठी खुलं केलं. तिथे जिंकायचं-हरायचं काही नसतं. माणसं आपापला अवतार घेऊन वावरतात, गप्पा मारतात, नाचतात, घरं बांधतात आणि भरपूर कपडे विकत घेतात. हे कपडे कंपनी शिवत नाही, तिथली रहिवासी मंडळीच बनवून एकमेकांना विकतात. 2006 मध्ये अमेरिकन अपॅरलने तिथे दुकान थाटलं होतं, पण पुढच्याच वर्षी ते गुंडाळलं. बाजार टिकवला तो घरी बसून एकेक शर्ट घडवणाऱ्यांनी.

या बाजारात बायकांच्या कपड्यांची रेलचेल आहे. पुरुषांसाठी जीन्स, हूडी, टी-शर्ट आणि सूट हवे तेवढे मिळतात. नीट नेसलेलं धोतर, बाराबंदी, पगडी किंवा साधी खादीची बंडी शोधायला गेलात, तर मात्र हाती फार थोडं लागतं. पुण्यात राहणाऱ्याला हे सगळं डोळ्यांसमोर असतं, हात लावून बघता येतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पंचविसावा टी-शर्ट बनवण्यात वेळ घालवू नका. आपला एकच कपडा घ्या आणि तो असा बनवा, की कुणा आजोबांनी पाहिला तरी त्यांनी नावं ठेवू नयेत.

पहिली पायरी: आधी गिऱ्हाईक व्हा

खातं फुकट उघडता येतं. जगात शिरायला जो प्रोग्राम लागतो त्याला व्ह्यूअर म्हणतात. कंपनीचा स्वतःचा व्ह्यूअर आहे, शिवाय बरेच जुने रहिवासी फायरस्टॉर्म वापरतात. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम सुसह्य होतं.

सुरुवातीला मिळणारा अवतार बरा असतो, पण कपड्यांचा बाजार चालतो तो वेगळ्या विकत मिळणाऱ्या मेश शरीरांवर. मेश म्हणजे बिंदूंच्या जाळीतून घडवलेला त्रिमितीय आकार. पुरुषांमध्ये सिग्नेचरचं जियानी, बेलेझाचं जेक आणि लेगसी ही नावं सतत कानावर पडतील. एका शरीरासाठी बेतलेला सदरा दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही, म्हणून प्रत्येक कपड्याच्या पाटीवर तो कोणत्या शरीरांसाठी आहे ते लिहिलेलं असतं. काही संध्याकाळी फक्त पुरुषांच्या दुकानांत घालवा. जवळपास प्रत्येक कपड्याचा फुकट डेमो मिळतो. तो अंगावर चढवा, चाला, बसा, हात वर करा. काख कुठे फाटते, मांडी कुठून बाहेर डोकावते, पोट वाढवलं की काय होतं, हे टिपून ठेवा. पुढे तुमच्या कपड्याची परीक्षाही याच जागी होणार आहे.

दुसरी पायरी: कपडा निवडा

नवख्याने पगडीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. पगडी टणक असते, तिला शरीराबरोबर वाकावं लागत नाही. ती डोक्याला नुसती जोडली की झालं, आणि गिऱ्हाइकाला ती स्वतःच्या डोक्याप्रमाणे लहान-मोठी करता येते. त्यासाठी तिला बदल करण्याची परवानगी तेवढी ठेवा. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे मालाचं नाव ठरवताना जरा जपून. ‘पेशवाई धाटणीची पगडी’ असं म्हटलं तरी घेणाऱ्याला कळतं. घडवायच्या आधी ती खरीखुरी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढा. एकाच फोटोवरून बनवलेली पगडी मागून हमखास चुकते. फेटा बांधलात तर तुरा आणि शेमला दोन्ही नीट दिसले पाहिजेत. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकं निघतात, तेव्हा शंभर तऱ्हांनी बांधलेले फेटे बघायला मिळतात.

पगडी जमली की बंडी, मग सदरा आणि शेवटी धोतर. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य बघा. जुन्या रोजच्या वस्तू इतक्या जवळून पाहायला मिळणारी जागा शहरात दुसरी नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. महाराजांची राजमुद्रा किंवा देवांची चित्रं कपड्यावर छापू नका. विकलेला कपडा घालून माणूस तिथे कुठेही जाऊ शकतो, आणि त्या जगात केवळ प्रौढांसाठी राखलेले भागही आहेत. आपल्याला पूज्य असलेली गोष्ट तिथे जावी का, हे आपण आधीच ठरवलेलं बरं. मोठ्या ब्रँडचे लोगो तर अजिबात वापरू नका. तक्रार आली की माल काढून टाकला जातो आणि खातंही जाऊ शकतं.

तिसरी पायरी: कापड

टेक्स्चर म्हणजे कपड्यावर चढवायचं चित्र. इंटरनेटवरून उचललेलं खादीचं चित्र लगेच ओळखू येतं, शिवाय ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. रविवार पेठेतून अर्धा मीटर कापड घ्या, इस्त्री करा आणि साध्या ए-फोर स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनरचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, फोटोत मात्र एक कोपरा उजळ आणि दुसरा काळपट येतो. मग गिंप किंवा क्रितामध्ये कडा जुळवून घ्या, म्हणजे एकाशेजारी एक तुकडे लावल्यावर सांधा दिसणार नाही. दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत.

खादीत मधूनच एखादा जाड धागा येतो, तो पुसून टाकू नका. त्यानेच कापड खरं वाटतं. फक्त तो फार ठळक असेल तर अंगभर ठरावीक अंतराने तोच तो दिसत राहील, म्हणून स्कॅनचा मोठा तुकडा घ्या. उपरण्याच्या जरीच्या काठासाठी पीबीआर पद्धतीचं मटेरियल वापरा. त्यात कोणता भाग धातूसारखा चमकावा आणि कोणता सुती राहावा हे वेगळं सांगता येतं. 1024 बाय 1024 पिक्सेलचं चित्र पुरतं. ते चढवायला, म्हणजे आपल्या संगणकावरून सेकंड लाइफमध्ये अपलोड करायला, 10 लिंडन डॉलर (तिथलं चलन) पडतात.

चौथी पायरी: बेतणं, शिवणं आणि हाडांना बांधणं

सगळी कसोटी इथे आहे. कपडा घडवायला ब्लेंडर हे त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि तेही फुकट आहे. मार्व्हलस डिझायनर विकत घ्यावं लागतं, पण शिवणकाम येणाऱ्याला ते पटकन कळतं, कारण त्यात खऱ्यासारखे सपाट तुकडे कापून शिवण जोडायची असते. घरात कुणाला सदरा बेतता येत असेल तर त्यांना शेजारी बसवा. पाठ, पुढा, बाही, कळी आणि काखेतला चौबगला हे तुकडे त्या कागदावर काढून देतील. चौबगला असलेल्या सदऱ्याची काख हात वर केल्यावर ताणली जात नाही, आणि पडद्यावरही तो फायदा मिळतो.

शरीर बनवणाऱ्या कंपन्यांकडून त्यांचा डेव्हकिट मागवा. त्यात शरीराचा साचा आणि सांगाडा असतो. काही कंपन्या तो अर्ज करून देतात, अटी वाचून मगच घ्या. सुरुवातीला एकच शरीर पकडा.

कपड्याचा प्रत्येक बिंदू कोणत्या हाडाबरोबर किती हलेल हे ठरवणं म्हणजे रिगिंग. इथे धोतराचं उदाहरण घेऊ. लुंगी किंवा घागरा मांड्यांच्या मधोमध ताणला जातो, कारण एकच कापड दोन्ही पायांना बांधलेलं असतं. धोतरात कासोटा मागे गेल्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे गुंडाळलेले असतात, म्हणून मांडीपासून पोटरीपर्यंतचा भाग विजारीसारखा ज्या त्या पायाला बांधा. अडचण येते ती समोरच्या निऱ्यांची. त्या एका पायाला बांधल्या तर चालताना सगळा झुबका एकीकडे ओढला जातो. निऱ्यांचा वरचा भाग कमरेच्या हाडाला बांधा आणि खाली येताना दोन्ही मांड्यांना हळूहळू सारखा वाटा देत जा, म्हणजे त्या मधोमध राहतात. सोग्याचं टोक गुडघ्याखाली फार हलू देऊ नका. हे मेश कापड खऱ्या कापडासारखं आपोआप लहरत नाही, हाडं नेतील तसंच जातं. निऱ्यांच्या घड्याही सहा-सात ठळक घडवा आणि मधल्या घड्या टेक्स्चरमध्ये सावलीने रंगवा.

बाराबंदीच्या बंदांनाही हाच न्याय लावा. समोर दिसणाऱ्या दोन-तीन गाठी खऱ्या घडवा, बाकीच्या रंगवा. बारा गाठी बारकाईने घडवल्या तर वस्तू जड होते, चढवायचा खर्च वाढतो आणि गर्दीच्या ठिकाणी सगळ्यांचेच संगणक मंदावतात.

फिटेड मेश 2014 पासून आहे. त्यात छाती, पोट, कंबर यांची वेगळी हाडं असतात आणि अवताराचा आकार बदलणारा स्लायडर हलवला की कपडाही त्याप्रमाणे फुगतो. पुरुषांच्या कपड्यांत पोटाच्या हाडाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, मग ढेरी असलेल्या अवताराचं पोट सदऱ्यातून बाहेर येतं. सगळेच अवतार पैलवान नसतात. पन्नाशीचा, थोडं पोट सुटलेला मास्तरही आपल्याकडे धोतर नेसून मिरवू शकला पाहिजे.

पाचवी पायरी: अदितीवर चाचणी

सेकंड लाइफच्या मुख्य जाळ्याचं (म्हणजे हे जग ज्या सर्व्हरवर चालतं त्यांच्या ग्रिडचं) अंतर्गत नाव अग्नि आहे आणि चाचणीच्या जाळ्याचं अदिती. अदितीवर पैसे खरे नसतात, त्यामुळे तिथे हवा तेवढ्या वेळा कपडा चढवून बघा. मेश चढवण्याआधी खात्याला पैसे भरण्याचं साधन जोडावं लागतं आणि स्वामित्व हक्कांवरची एक छोटी प्रश्नावली सोडवावी लागते. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत ना ते बघा.

मेशच्या चार पातळ्या असतात. दुरून बघताना कमी तपशिलाची पातळी दिसते. ती आपोआप बनवू दिलीत तर पगडीचा दुरून दगड होतो. दोन खालच्या पातळ्या हाताने बनवा.

सहावी पायरी: परवानग्या आणि किंमत

प्रत्येक वस्तूला नक्कल, बदल आणि हस्तांतर अशा तीन परवानग्या असतात. कपड्यांसाठी नक्कल आणि बदल द्या, हस्तांतर बंद ठेवा. तिन्ही एकदम दिल्यात तर पहिलंच गिऱ्हाईक तुमचा माल वाटत सुटू शकतं. कुणाला भेट द्यायची असेल तर मार्केटप्लेसवर भेट म्हणून खरेदी करण्याची सोय आहे, ते वर्णनात लिहून टाका.

एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशे लिंडन डॉलर येतात, दर थोडा वरखाली होतो. एका रंगाचा चांगला शर्ट दोनशे ते साडेतीनशेला जातो, सगळे रंग एकत्र देणारा फॅटपॅक त्याच्या तिप्पट-चौपट. नवीन आहात म्हणून मातीमोल भाव लावू नका. त्याऐवजी डेमो उत्तम द्या.

सातवी पायरी: मांडणी आणि गिऱ्हाईक

जागा भाड्याने घेण्याची घाई नको. मार्केटप्लेसवर घरबसल्या विकता येतं, विक्रीतून कमिशन कापलं जातं. फोटो खऱ्या अवतारावर, साध्या पार्श्वभूमीवर काढा. पुढून, मागून आणि बसलेला, असे तिन्ही हवेत. धोतर विकायचं असेल तर कासोट्याचा मागचा फोटो हवाच, जाणकार तोच आधी बघतात. वर्णन इंग्रजीत लिहा, पण सदरा, धोतर, बंडी ही नावं तशीच ठेवून शेजारी एका ओळीत कपडा कधी आणि कसा घालतात ते सांगा. परदेशात वाढलेली आपली मुलंही हे शोधत येतात.

पुरुषांच्या कपड्यांचे खास मासिक मेळे भरतात आणि त्यांचे आयोजक अर्ज मागवतात. दोन-तीन चांगल्या वस्तू हाती असल्याशिवाय अर्ज करू नका. नवीन माल गणपती आणि दिवाळीच्या तीन आठवडे आधी लावा.

तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं. तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे सकाळचा चहा घेता घेता तुम्हाला गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं देता येतात. माल पोहोचला नाही अशी तक्रार आली तर आधी व्यवहाराची नोंद तपासा, मग लगेच पुन्हा पाठवा. लक्ष्मी रस्त्यावरचा जुना दुकानदार जसा माप चुकलं तर सदरा परत घेऊन नीट करून देतो, तसंच वागा. पुरुष गिऱ्हाईक एकदा विश्वास बसला की सहसा दुकान बदलत नाही.

आठवी पायरी: पैसे घरी आणणं

लिंडन डॉलर आधी कंपनीच्या लिंडेक्स या बाजारात विकून अमेरिकन डॉलर करायचे, मग ओळखपत्र दाखवून टिलिया या पैसे हाताळणाऱ्या कंपनीमार्फत पेपालवर काढायचे. प्रत्येक टप्प्यावर शुल्क लागतं, म्हणून दर आठवड्याला चिल्लर काढण्यापेक्षा साठवून एकदम काढा. पेपालच्या भारतीय खात्याला पॅन आणि व्यवहाराचा पर्पज कोड (पैसे कशापोटी आले ते सांगणारा क्रमांक) लागतो. तिथून रक्कम रुपयांत तुमच्या बँक खात्यात येते.

हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. व्यवहाराच्या नोंदी सेकंड लाइफच्या खात्यातून दर महिन्याला उतरवून घ्या. मेश चढवण्याचा खर्च, विकत घेतलेलं शरीर, सॉफ्टवेअर, कापडाची बिलं, सगळं एका वहीत लिहा. पहिलं विवरणपत्र भरण्याआधी ती वही घेऊन एखाद्या सीएकडे जा आणि जीएसटीचंही विचारून घ्या.