चाळिशीत पहिली नोकरी, तीही अकाउंट्समध्ये

हातात पंधरा वर्षांपूर्वीची बी.कॉम.ची पदवी आहे, मुलं मोठी झालीत आणि आता नोकरी करायचीय? ठाणे-नवी मुंबईत अशा बाईसाठी अकाउंट्सचं दार उघडं आहे. ऐरोलीच्या मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बायोडेटावरच लागते आणि मधली रिकामी वर्षं तिथेच अडतात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या छोट्या कारखान्यांत किंवा सीएच्या ऑफिसात मात्र समोर बसवून काम बघतात. अर्ज तिथे करा.

आधी कागद. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच, हा घोळ घरोघरी असतो. पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा कायमचा नंबर, आधारवरच्या नावाने निघतो. म्हणून आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर एकच स्पेलिंग करून घ्या, तेही नोकरी लागायच्या आधी. मार्कशीट बदलायच्या भानगडीत पडू नका, सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. लग्नात पहिलं नावच बदललं असेल, तर राजपत्रात नावबदल छापून घ्या.

मग टॅली, म्हणजे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर. मुलाखतीत बहुधा बिलांचा गठ्ठा पुढ्यात ठेवतात. एफ९ खरेदी, एफ८ विक्री, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, ही बटणं बोटांना पाठ हवीत. पण खरी चूक होते जीएसटीत. समजा रबाळ्याच्या कारखान्याने वापीहून १८ टक्के कराचा माल घेतला. पुरवठादाराच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक २४, म्हणजे गुजरात, म्हणून १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर). तोच माल भिवंडीहून आला तर अंक २७, म्हणजे महाराष्ट्र, मग ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा). घाईत सगळ्यांना ९-९ लावलं की जीएसटी पोर्टलवरच्या २बी शी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) हिशोब जुळत नाही आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. बिल हातात आलं की रकमेआधी हे दोन अंक बघायची सवय लावा.

सरावाला टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात ठराविक तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकायला तेवढं पुरतं. ओळखीच्या दुकानदाराकडून जुन्या बिलांच्या झेरॉक्स मागून आणा आणि दोन महिने रोज २० बिलं चढवा. नुसतं क्लासचं सर्टिफिकेट दाखवून इथे भागत नाही.

मधल्या वर्षांबद्दल विचारलं तर सरळ सांगा: घर सांभाळलं, आता टॅली शिकले. खोटा अनुभव लिहू नका, पगाराची स्लिप मागितली की पितळ उघडं पडतं. वयाचा संकोच तर मुळीच नको. वर्षानुवर्षं घरखर्चाचा पैन् पै हिशोब ठेवणाऱ्या हाताला हे काम लवकर बसतं.

पगार ठरवताना एकूण किती आणि पीएफ कापून हातात किती, हे वेगवेगळं विचारा. स्टेशनपासून एमआयडीसीत आत शेअर रिक्षा मिळते का, तेही आधी जाऊन बघा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या ऑफिसात जीएसटीआर-१ ची (विक्रीचं रिटर्न) शेवटची तारीख ११ आणि ३बी ची (कर भरायचं रिटर्न) २० असते. त्या दिवसांत उशीर होणारच, हे घरी आधीच सांगून ठेवा. रजा हवी असेल तर २१ नंतरची मागा.