शाळेच्या वर्षात मुलं कशी जपायची: सत्तरीतल्या एका शिक्षिकेचं सांगणं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. सहावीपासून पुढच्या मुलांचं वर्ष २०२५ पासून एप्रिलातच सुरू होऊ लागलं. माझ्या लहानग्यांची शाळा मात्र जूनमध्ये पावसाबरोबरच भरते आणि त्यांची बहुतेक दुखणी पावसाळ्यातलीच असतात. पालकसभेत दर वर्षी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. मूल वर्षभर धडधाकट राहायला टॉनिकच्या बाटल्या लागत नाहीत. घराने शाळेला आणि शाळेने घराला वेळेवर खरं सांगितलं, तर निम्मं काम होतं.

आधी ताप. प्रार्थना संपते, मुलं वर्गात येतात आणि एखादं बाकावर डोकं टेकून बसतं. कपाळाला हात लावावा तर चटका बसतो. घरी फोन केला की आई सांगते, "टीचर, रात्री अंग गरम होतं, औषध दिलं. सकाळी उतरला होता म्हणून धाडला." औषधाने उतरलेला ताप चार-सहा तासांत परत चढतो. तोवर ते मूल चार जणांच्या डब्यात हात घालून झालेलं असतं. म्हणून नियम सरळ ठेवा: औषध न देता २४ तास ताप आला नाही, तरच शाळा. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. उलट्या-जुलाब थांबल्यावरही एक दिवस जाऊ द्या. आईचा एक दिवस बुडला की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आजारी मुलापाशी कोण बसेल, आजी की शेजारची काकी, हे शाळा सुरू होतानाच ठरवून ठेवा.

पावसातला ताप अंगावर काढू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सुरुवातीला सारखेच दिसतात, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलच द्यावं, तेही डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेलं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि एक गोष्ट पालकांच्या ध्यानातच येत नाही: डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास असतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी "ताप गेला ना" म्हणून घरी बसू नका, इस्पितळ गाठा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्याच वेळेत. शर्टाच्या बाह्या आणि पँट लांब असलेली बरी. अंडं घातल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतून टाकलं तर साखळी तुटते. आमच्याकडे ते पाणी कुठे सापडतं? जळणाच्या लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घडीत. नारळाच्या करवंट्यांत. रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्यांत. रविवारी मुलालाच बरोबर घेऊन फिरा. वळवळणाऱ्या अळ्या एकदा डोळ्यांनी बघितल्या की पुढच्या रविवारी ते आपणहून ताडपत्री झटकायला जातं.

संध्याकाळी मूल घरी आलं की दप्तराच्याही आधी पाण्याची बाटली बघा. भरलेली परत आली असेल तर विचारा. मुली पुष्कळदा पाणी पीतच नाहीत, कारण शाळेच्या संडासात जायची त्यांना किळस किंवा भीती वाटते. दिवसभर लघवी धरून ठेवायची, मग जळजळ, ताप आणि पोटदुखी. संडासाला कडी नाही, पाणी नाही, हे ऐकलंत तर पालक-शिक्षक संघात बोला. लाजू नका. आम्हा शिक्षकांनाही तुमच्या आवाजाचा आधार लागतो. बाटली रोज ब्रशने आतून घासा, झाकणाची रबरी चकती काढून धुवा. बुळबुळ तिथेच धरते.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. शाळेत माध्यान्ह आहार मिळतो, पण चहा-बिस्किटावर आलेलं मूल तोवर टिकत नाही. उकड्या तांदळाची पेज आणि काल रात्रीची सुकी भाजी, एवढ्यानेही सकाळ निभते. जंताची गोळी शाळेत देतात तेव्हा मूल गैरहजर असेल तर नंतर मागून घ्या. पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षाचं टीडी (धनुर्वात, घटसर्प), ही दोन इंजेक्शनं हमखास विसरली जातात. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको.

आता वाट. बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरल्यावर गाडी पुढे गेल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, हे रोज सांगावं लागतं. रोजच सांगा. चालत येणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालावं. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाच्या हातात छत्री देऊ नका, वाऱ्याने ती उलटली की तोलच जातो. रेनकोटाचं टोक चाकापासून वर खोचा. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. त्याहून लहान असेल तर चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि हेल्मेट दोन्ही हवं. शाळा अर्ध्या किलोमीटरवर असली तरीही.

बूट रात्री बाहेर राहिले असतील तर घालण्याआधी उलटे करून आपटा. साप चावला तर वर दोरी आवळू नका, जखम चिरू नका, मंत्र-मुळीत वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतं म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर शाळा बुडवायचा बहाणा समजू नका. तडक इस्पितळात न्या.

सगळ्यात जास्त धास्ती मला पाण्याची वाटते. नदी, ओहोळ यांची भीती मुलांना घरात शिकवलेली असते. पण बंद पडलेल्या चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी) पावसात तुडुंब भरतात आणि गावच्या तळ्यासारख्या दिसतात. फरक असा, की तळ्याला उतार असतो आणि खाणीची भिंत यंत्राने सरळ कापलेली. पहिलं पाऊल गुडघाभर पाण्यात, दुसरं थेट तळ नसल्यासारख्या खोलीत, आणि शेवाळलेल्या चिऱ्याला बोटं धरत नाहीत. तांबड्या पाण्यात खोली दिसतही नाही. तुमच्या वाटेवर अशी खाण असेल तर मुलाला तिथे नेऊन लांब काठीने खोली दाखवा आणि पंचायतीकडे कुंपणासाठी लेखी अर्ज द्या. मुलांना हेही शिकवा की मित्र बुडाला तर उडी मारायची नाही. आरडाओरडा करायचा, आणि काठावर आडवं पडून बांबू, दोरी किंवा रिकामा कॅन पुढे करायचा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. हे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडून एकदा हाताने करून शिकून घ्या.

एक विषय पालक टाळतात. अंगाला कोण कुठे हात लावतं, हे मुलाने घरी येऊन बिनधास्त सांगावं असं वाटत असेल, तर शरीराच्या सगळ्या भागांची नावं घरात सरळ घ्या. माणूस नात्यातला असो वा शाळेतला, मूल सांगतंय त्यावर आधी विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलालाही पाठ असू द्या. गोव्यात २००३ पासून मुलांसाठी वेगळा कायदा आहे आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदाही आहे. असा प्रकार कळूनही गप्प राहणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, मग गप्प राहणारे आम्ही शिक्षक असलो तरी.

शेवटी डायरीचं पहिलं पान. तिथे दोन असे फोन नंबर लिहा जे सकाळी अकरा वाजताही उचलले जातात. दमा, फिट, कशाची अ‍ॅलर्जी, रोजची गोळी, सगळं लिहा. फिट येते हे लपवलं म्हणून मुलाची अब्रू राखली जात नाही, फक्त ती आल्यावर आम्हाला काय करायचं ते कळत नाही. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं लिहा आणि नंबर बदलला की त्याच दिवशी जुना खोडा.