इलिऑनवर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी आलेले इतिहासाचे लेख तपासायला घेतले की ट्रॉयवर, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यातल्या इलिऑन शहरावर, एक तरी असतोच. आणि चुकाही ठरलेल्या.

सगळ्यांत जास्त छळते ती ‘प्रायमच्या खजिन्या’ची. हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याला १८७३ साली तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीत सोनं सापडलं. इलिऑनचा राजा प्रायम याचाच हा खजिना, असं त्याने जाहीर केलं आणि पत्नी सोफियाला त्यातले दागिने घालून फोटोही काढून घेतला. पण या टेकडीत एकावर एक असे वस्त्यांचे नऊ मुख्य थर आहेत. खजिना खालून दुसऱ्या थरातला. होमरने सांगितलेलं ग्रीक आणि ट्रॉयकरांमधलं ट्रोजन युद्ध झालंच असेल, तर ते इ. स. पू. १२००च्या आसपास, म्हणजे सहाव्या-सातव्या थरांच्या काळात. मधे हजारहून जास्त वर्षं! होमरचं शहर तळाशीच असणार, या घाईने श्लीमानने टेकडीच्या पोटात भलामोठा चर खणला आणि वरचे थर तोडून फेकले.

एकदा पानं लागून प्रूफं आली, तर सोफियाच्या फोटोखाली ओळ होती, ‘हेलनचे दागिने’. हेलन म्हणजे जिच्यावरून ते युद्ध पेटलं ती राणी. लेखकाला फोन केला. “मॅडम, नेटवर सगळीकडे असंच आहे,” म्हणाले. नुसती ओळ बदलून भागेना, कारण होमरचं वर्णन खरं ठरल्याचा अख्खा मुद्दाच त्या सोन्यावर उभा होता. दोन परिच्छेद काढून त्या रात्री पान पुन्हा लावलं. तेव्हापासून प्रत्येक विधानाशेजारी समासात पेन्सिलीने थराचा आकडा लिहिते. आकडा मिळाला नाही की विधान कापते.

ज्यात लपून ग्रीक सैनिक ट्रॉयमध्ये शिरले, तो लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये शोधू नका. ते महाकाव्य प्रायमचा मुलगा हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोडा भेटतो होमरच्याच ‘ओडिसी’त आणि सविस्तर रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’मध्ये. सारांश वाचून लेख लिहायला बसणारे इथे हटकून अडकतात. ‘इलियड’चे चोवीस सर्ग आहेत, वाचा की!

इलिऑन आणि ट्रॉय ही दोन शहरं नव्हेत. होमर एकाच शहराला दोन्ही नावं देतो.

शहर आजच्या ग्रीसमध्ये दाखवू नका. ते तुर्कस्तानात, चानाक्कालेजवळ आहे.

आणि शोधाचं सगळं श्रेय श्लीमानला देऊ नका. टेकडीचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्ट या हौशी इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या मालकीचा होता. श्लीमानच्या आधी त्याने तिथे खणलं होतं आणि ट्रॉय इथेच आहे, हे श्लीमानला त्यानेच पटवलं. त्याचं नाव नसलेला लेख मी परत पाठवते.