जुना वाडा गावासाठी उघडताय? या चुका टाळा

वाड्याचा सागवानी खांब बहुतेक वेळा पायाकडून कुजतो, आणि तो पाय आपणच कुजवतो. जुन्या लोकांनी खांब जमिनीत न रोवता तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा केला, कारण खालची ओल लाकडात चढू नये. आणि आता वाचनालय करायचं ठरलं की पहिलं काम कसलं, तर फरशीचं! जुनी जमीन उचकटायची, सिमेंटचा कोबा ओतायचा, तळखडा त्यात गडप आणि खांबाचा पायही.

सातारा भागातल्या एका वाड्यात हेच झालं. गावाने वर्गणी काढली, कॉन्ट्रॅक्टरने कोबा केला, मातीच्या भिंतींना सिमेंट प्लास्टर, खांबांना चकचकीत ऑइलपेंट. उद्घाटन झालं, फोटो निघाले. दोन पावसाळ्यांनी माजघराचं दार चौकटीला घासायला लागलं तर लोकांनी दार रंधून घेतलं, पुढच्या वर्षी परत घासलं, परत रंधलं. मला बोलावलं तेव्हा मी दार सोडून शेजारच्या खांबापाशी बसलो आणि पायात स्क्रू ड्रायव्हर टोचला, मुठीपर्यंत आत गेला. वर रंग नवाकोरा, आत नुसता भुसा. कोब्यातली ओल लाकडात चढत होती आणि ऑइलपेंटमुळे बाहेर पडायला वाटच नव्हती. खांब बसला, त्याच्याबरोबर वरची आडवी तुळई खचली, म्हणून चौकट तिरकी.

मग टेकू लावले, जॅकने तुळई रोज जराशी उचलत नेली (घाई केली की वरचे सांधे तडकतात), कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधून बसवला आणि खांबाभोवतीचा कोबा फोडून तळखडा मोकळा केला. भिंतींना चुना, लाकडाला जवस तेल. मी तरी दुसरं काही लावत नाही.

दुसरी चूक वजनाची. वरचा मजला घरच्या माणसांसाठी बांधलेला असतो आणि आपण तिथे व्याख्यान ठेवतो. भारतीय मानकात राहत्या घराच्या खोलीला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला ५००, आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किंवा जास्तच. म्हणून पुस्तकं खाली, कार्यक्रम चौकात किंवा ओटीवर. वरती ऑफिस करा, कपाटं भिंतीकडेला ठेवा, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळया तपासून घ्या. "आजवर काही झालं नाही" हा हिशोब नाही, आजवर तिथे चाळीस माणसं एकदम उभीच राहिली नव्हती.

बाकीचं थोडक्यात. जुनी वायरिंग कडीपाटात (लाकडी छतात) तशीच ठेवू नका. आग कशानेही लागो, लाकडी वाडा पेटतो, पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत गेला हे लक्षात ठेवा. कोरीव कामावर ग्राइंडर नको, रंग हाताने काढा, वेळ लागू दे. कौलं काढून पत्रा टाकू नका, आत भट्टी होते. संडास लाकडी भिंतीला चिकटून नको. आणि काहीही सोडवताना प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाका, नंतर "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांचे ढीग मी पाहिलेत.

कामाला हात लावायच्या आधी एक अख्खा पावसाळा वाडा नुसता बघा. पावसात टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर चढा, जिथे ओल दिसेल तिथे खूण करा. कमिटीला हे पटत नाही, त्यांना २६ जानेवारीलाच फीत कापायची असते. तारीख पुढे ढकला.